पाण्यात राहिलेला देव

म्हाकूआबांच्या फुडं अर्धी गोष्ट सांगायची चोरी व्हती. तुमी म्हणला, "आबा, काल जिपात एक बाई भेटली," आन् तेवढ्यात चुलीवरचं दूध वर आलं म्हणून आत पळाला, तर आबा दारातनं हालायचं न्हाईत. उन्हात घोंगडं खांद्यावर टाकून उभं. "बाईचं काय झालं?" तुमी दूध उतरवा, लेकरू बघा, भाकरी थापा, आबा उभंच. एकदा ग्रामसेवक पारावर कायतरी सांगत व्हता, सांगता सांगता मोटारसायकलीला किक मारून गेला. आबा येष्टीत बसलं आन् त्येच्या मागं पळसदेवला गेलं, उरलेलं ऐकून सांजच्याला माघारी आलं. आक्कांनी, म्हंजी त्यांच्या बायकूनं, इचारलं, "काय म्हणत व्हता एवढं?" तर म्हणं, "काय न्हाय, फालतूच व्हतं. पण पुरं झालं."

मी वरकुट्यात सून म्हणून आले तवापासून आबांचं घर आमच्या घराला लागून. नात्यानं चुलत सासरं. त्यामुळं त्यांच्याशी सरळ बोलायचं न्हाय, पदर फुडं वढायचा आन् आक्कांना सांगायचं, आक्का त्यांना सांगणार. राणी झाल्यावर मला सोपं झालं. राणीला कडंवर घ्यायची आन् तिलाच म्हणायचं, "राणे, सांग आबांस्नी, च्या झालाय." आबा पण तिलाच उत्तर द्यायचं, "राणे, आईला म्हणावं, साखर कमी घालत जा, माझा आवाज चिकाट व्हतो." त्या पोरीला अजून धड उभं राहता येत न्हवतं, पण आमचा समदा कारभार तिच्या तोंडावर चालायचा.

आबा धनगरी ओव्या म्हणायचं. आता ओवी म्हणलं की बाहेरच्या माणसाला जात्यावरची वाटती, तसली न्हवं ही. ढोल लागतो, मागं झील धरायला, म्हंजी शबूद उचलून सूर वढायला, गडी लागत्यात. गाणं थोडं आन् बोलणं जास्त, आन् त्ये बोलणं असं पळतं की ऐकणाऱ्याला धाप लागावी. ताल न्हाय सोडायचा, श्वास न्हाय सोडायचा, शबुदाला शबूद जुळत जुळत फुडं. आबांचं घरातलं बोलणं सुदीक तसंच झालं व्हतं. आक्कांना पाणी मागायचं तर, "आण गं तांब्या, घसा झाला खांब्या, देतीस का जाऊ लांब या?" आक्का म्हणायच्या, "जावा की, कोण धरतंय."

ओवीच्या आदी सुंबरान मांडत्यात. म्हंजी देवांची नावं घेऊन एकेकाला बोलवायचं, बिरुबा या, म्हसुबा या, आमक्या गावची आई या, बसा आमच्यात. आन् ओवी संपली की परत एकेकाचं नाव घेऊन ज्येला त्येला घरी पोचवायचं. मधीच उठून जायचं न्हाय. आबांचं एकच बोलणं व्हतं त्यावर, "मांडलं की उचलावं." ओवीला पण त्येच, खरकट्या ताटाला पण त्येच, भांडणाला पण त्येच. आमच्या आत्याचं, म्हंजी माझ्या सासूचं, आन् आक्कांचं भांडण अर्ध्यावर थांबलं की आबा मधी येऊन बसायचं, "उरलंय का काय? आत्ताच म्हणून घ्या, उद्याला ठेवू नगा."

एका जत्रंत दुपारच्याला दोन फडांची ओव्यांची चढाओढ लागली. तिकडनं बारामतीच्या बाजूचा एक तरणा गडी, लाल फेटा, नवा ढोल. त्यो आबांकडं बघून गात गात म्हणाला, आबांच्या तोंडात दात न्हाईत, शबूद कुठं अडवणार, समदे वाऱ्यावर जाणार. पोरं शिट्ट्या मारायला लागली. मला भ्याच वाटलं, म्हाताऱ्या माणसाची अशी भर माणसात चेष्टा. आबा उठलं, कानावर हात ठेवला आन् सुरू झालं,

"दात व्हतं त्ये कुंपान व्हतं, मोडलं बरं झालं,
शबूद माझं चराया सुटलं, मोकळं रान झालं,
आता शिरल्यात तुझ्या वावरात, पिकाचं काय ऱ्हातंय,
राखणीला बस रं पाहुण्या, ढोल कशाला वाजवतुय!"

असा हशा झाला की त्या गड्याला फुडचं सुचंना. ढोल खाली ठेवून निघाला. आबांनी त्येचा हात धरला. आमाला वाटलं आता अजून एखादी हाणत्यात. तर म्हणालं, "मांडलंय न्हवं तू? मंग उचल. मी मागं झील धरतो." आन् जिंकलेला माणूस हारलेल्याच्या मागं उभा राहून, त्येची ओवी पुरी हुईस्तवर, झील धरत राहिला.

त्या जत्रंत बारामतीच्या स्टँडावरचं शब्बीरभाई आलं व्हतं. त्यांचं कॅसेटचं दुकान. त्यांनी पुण्याच्या एका कंपनीला गाठलं आन् आबांना, दादू ढोलवाल्याला आन् झीलकऱ्यांना तिकडं धाडलं. तिथं काय झालं त्ये दादूनं आमाला हसत हसत सांगितलं. काचंची खोली. काचंच्या पल्याड एक माणूस कानाला डबडी लावून बसलेला. आबांनी सुंबरान मांडलं. कॅसेटीला किती येळ असतो आन् काय असतो ह्ये कुणालाच ठावं न्हवतं, आन् देव बोलवायचा तर एकाला बोलवून दुसऱ्याला कसं सोडायचं? शेजारच्या गावचा देव रुसला मंग? आबा समद्या तालुक्याचं देव बोलवत सुटलं. पल्याडचा माणूस हात गोल गोल फिरवाया लागला, आवरा आवरा म्हणून. आबांना वाटलं, माणूस डुलतोय, रंग चढलाय त्येला. म्हणून अजून दोन-चार गावं घेतली. मंग त्यो उभाच राहिला, दोन्ही हात हालवाया लागला. आबा दादूच्या कानात म्हणालं, "अंगात आलं रं त्येच्या, जोरात वाजीव."

कॅसेट आली आन् येडच लागलं लोकांना. उसाच्या ट्रॅक्टरवर तीच, वडापच्या जिपात तीच, इंदापूरला न्हाव्याच्या दुकानात तीच. लोणी देवकरला कंपनीत जाणारी पोरं डबा खाताना तीच लावायची. शब्बीरभाईंनी दुकानातली समदी पिच्चरची कॅसेटं खालच्या फळीवर ढकलली आन् वरच्या फळीवर नुसतं आबा मांडलं, कॅसेटीवरच्या फोटोत घोंगडं पांघरलेलं, ह्या टोकापासून त्या टोकापत्तर. "आबा," म्हणालं, "मुंबईचं हिरो तुमच्या पायाखाली बसल्यात." आबा म्हणालं, "मंग त्यास्नी म्हणावं, जरा सरकून बसा, पाय लांब करायचाय."

पण आबांनी सोता ती ऐकली न्हवती. त्यांच्याकडं टेप न्हवता. आमच्या ह्यांनी कंपनीत लागल्यावर टेप घेतला व्हता, म्हणून आबा आमच्याकडं आलं. धुतलेलं धोतार, डोक्याला फेटा, लग्नाला आल्यावानी. मी राणीला घेऊन दाराआड. पयली बाजू समदी देव बोलावण्यात गेली, आबा खूश, मान हालवत. दुसऱ्या बाजूला ओवी सुरू झाली. बिरुबाची मेंढरं नदीपार गेलीत, एक लंगडं कोकरू अल्याड राहिलं, नदीला पाणी वाढाया लागलं. देव माघारी फिरतो, कोकरू खांद्यावर घेतो, पाण्यात उतरतो. आन् मंग आबांचं त्ये पळतं बोलणं, मला अजून पाठ हाय,

"पाणी घोट्याला, घोट्याचं पोटरीला, पोटरीचं मांडीला,
मांडीचं कमरंला, कमरंचं छातीला, छातीचं गळ्याला लागलं,
कोकरू म्हणतं देवा मला भ्या, देव म्हणतो माझ्या कानाला धर,
देवानं पाऊल उचाललं आन्…"

खट. टेपचं बटान वर आलं.

आबा वाट बघत बसलं. मंग म्हणालं, "राणे, आईला म्हणावं, फुडचं लाव."

"राणे, आबांस्नी सांग, संपली."

"संपली कशी? देव पाण्यात हाय की!"

म्या बाजू फिरवली, परत फिरवली. फुडं कायच न्हवतं. दादू पण व्हता, त्येनं सांगितलं, आबा, तुमी तर पुरी म्हणला व्हता तिथं, देव पल्याड गेला, समद्यांना घरी पण पोचीवलं, ती फीतच संपली आसंल.  आबा उठलं, चपला घातल्या, परत काढल्या, परत बसलं. "एका पायावर," म्हणालं. "एका पायावर उभा केलाय रं देव म्या. गावोगावी."

मला तवा त्येचं काय वाटलं न्हवतं. मंग राणीला ताप आला. उतरंच ना. आत्या म्हणाल्या, "घरात देव बोलावून ठेवल्यात, त्यास्नी घरी कोण पोचीवणार? उपाशी बसल्यात त्ये तुझ्या घरात." पाण्याला गेलं तर तिथं पण बायकांचं त्येच, एकीची शेळी गेली, एकीचा भाऊ गाडीवरनं पडला, समदं त्या कॅसेटीमुळं. मी सातवीतनं घरी बसलेली, मला काय कळतंय, मला आदीच कशाचं पण भ्या वाटतं, कुत्रं वरडलं तरी वाटतं. ती कॅसेट लावायची भ्या, टाकून द्यायची पण भ्या. फडक्यात बांधून फळीवर ठेवली आन् रात्रंदिस तिच्याकडं बघत बसले. शेवटी न्हाय राहवलं. आबा दारात आलं तवा राणीला म्हणलं, "राणे, सांग आबांस्नी, आत्या म्हणत्यात तुझा ताप अर्ध्या ओवीनं आलाय."

आबांचं तोंड एवढंसं झालं. मंग राणीच्या कपाळाला हात लावला. "राणे, तुझ्या आईला सांग, आत्ताच्या आत्ता इंदापूरला डाक्टरकडं जायचं. ताप डाक्टर बघंल. देवाचं मी बघतो." आन् सोताच येष्टीत आमच्या संगं आलं. डाक्टरनं सुई दिली, औषाद दिलं, दोन दिसांत पोरगी खेळाया लागली. पण माझ्या मनातनं काय जाईना, आन् त्ये आबांना दिसत व्हतं.

इंदापुरातल्या फोनच्या दुकानातनं त्यांनी पुण्याला कंपनीला फोन लावला. पल्याडचा म्हणाला, काळजी कशाला, लोकांना वाट बघू द्या, दिवाळीला दुसरा भाग काढू. आबा वरडलं, "तवर देवानं एका पायावर उभं ऱ्हायचं व्हय?" त्ये वरडतानाच त्यांचा आवाज फाटला. लई दिस आत कायतरी टोचत व्हतं म्हणं, सांगितलं न्हवतं कुणाला. बारामतीच्या डाक्टरनं घशात गाठ दावली. पुण्याला मोठ्या दवाखान्यात कापायचं ठरलं, तारीख मिळाली. तवर एक शबूद बोलायचा न्हाय, बोलला तर आवाज ऱ्हाईल याची खात्री न्हाय, आन् कापल्यावर पण न्हाय.

माघारी आल्यावर आबा म्हणालं, "कापायच्या आदी देव पल्याड न्यायचा."

आक्कांनी कपाळाला हात लावला. "आवं, देव हाय त्यो! त्येला पवता येतं. तुमाला येतं का?"

"देवाला येतं," आबा म्हणालं. "ज्यांनी ऐकलंय त्यास्नी न्हाय येत."

आक्का चुलीकडं तोंड करून बसल्या. मंग लाकडं आत सारीत म्हणाल्या, "मधी मधी कोमट पाणी पीत जावा. तांब्या मी धरते."

तवापासून आबा बोलायचं बंद झालं. घरात खुणंनं. राणीनं हाका मारल्या तरी नुसतं डोळं मिचकवायचं. आवाज समदा बाजारासाठी ठेवलेला. शब्बीरभाईंनी टेप आन् भोंगा दिला, सोता संगं आलं. इंदापूरच्या आठवड्याच्या बाजारात भर दुपारी भोंग्यावर कॅसेटची दुसरी बाजू लावली. लोकं माळवं घेता घेता थांबली. "देवानं पाऊल उचाललं आन्…" खट. आन् त्या खटच्या मागनं, भोंगा न्हाय कायच न्हाय, आबांनी तिथनंच उचाललं. कॅसेटमधला आवाज बैलावानी आन् ह्यो खरखर करणारा, पण शबूद त्याच पायावर पडला. गळ्याचं पाणी छातीला, छातीचं कमरंला, देव पल्याड. मंग एकेका देवाचं नाव घेऊन समद्यांना घरी पोचीवलं. एक म्हातारी मेथीची जुडी तशीच हातात धरून म्हणाली, "सुटलो बाई." माझ्या पण छातीवरनं कायतरी उतरलं, खोटं कशाला बोलू. घरी येऊन कॅसेट फडक्यातनं सोडली.

पण आबा तिथं थांबलं न्हाईत. जिथं जिथं कॅसेट गेली तिथं तिथं. वरकुट्यात झालं, पळसदेवला झालं, लोणी देवकरला कंपनीच्या दारात पोरांची पाळी सुटताना झालं. दरवेळी आवाज थोडा थोडा कमी. आक्का तांब्या घेऊन मागं. लोकं म्हणायची, आबा, बास की आता, पोचला देव. आबा न्हाय म्हणून मान हालवायचं. बारामती राहिली व्हती, समद्यात जास्त कॅसेटी तिथनंच गेल्या व्हत्या.

बारामतीचं त्यांनी पुण्याला जायच्या दिशीच ठेवलं. तिथल्याच स्टँडावरनं गाडी व्हती. आक्कांच्या हाताखाली कुणीतरी पायजे म्हणून मी गेले, कडंवर राणी. माणसं ही गर्दी. येष्ट्या मागं सरत्यात, कंडक्टर शिट्ट्या मारतोय, माझा जीव मुठीत. शब्बीरभाईंनी कॅसेट लावली. पाऊल उचाललं आन्, खट. आबांनी तोंड उघडलं.

"गळ्याचं पाणी…"

आन् आवाजच न्हाय. तोंड हालतंय, मान ताणलीया, शिरा उठल्यात, बाहेर नुसतं वारं. परत केलं. परत वारं. दादूचा ढोल थांबला. आक्का तांब्या घेऊन फुडं झाल्या, आबांनी तांब्या बाजूला केला.  कुणीतरी मागं म्हणालं, "संपलं." मला वाटलं आता देव हितंच राहिला, बारामतीच्या स्टँडावर.

आबांनी दादूला खूण केली, वाजीव. दादू रडत रडत वाजवाया लागला. मंग आबा गर्दीकडं बघत बघत माझ्याकडं आलं आन् दोन्ही हात फुडं केलं. राणीसाठी.

त्या गर्दीत, त्या गाड्यांत, अंगात ताकद न्हाय अशा माणसाच्या हातात पोरगी कशी देऊ? मागं सरले मी. आबांनी हात तसंच ठेवलं. वढून न्हाय घेतलं, खूण न्हाय केली, नुसतं उभं. कोण काय म्हणंल ह्ये सुदीक माझ्या ध्यानात राहिलं न्हाय, पदर खांद्यावर पडला, आन् जल्मात पयल्यांदा मी त्यांच्या तोंडाकडं बघून बोलले, "आबा, पडू देऊ नगा."

आबांनी व्हय म्हणून मान हालवली. राणीला मानंवर घेतलं, मेंढका कोकरू घेतो तसं, दोन पाय गळ्याच्या दोन बाजूला, एका हातानं दोन्ही पाय धरलेलं. राणीनं त्यांचा कान धरला. कुणी सांगितलं न्हवतं तिला, पोरं धरत्यातच. आन् आबा चालाया लागलं, ढोलाच्या तालावर, जड जड, खरंच पाण्यातनं चालल्यावानी. मोकळा हात गळ्याला लावला. माणसं बघत राहिली. हात छातीवर आला. कुणीतरी, जिपवाला व्हता वाटतं, हळूच म्हणाला, "छातीला." हात कमरंवर. आता पाच-धा जण, "कमरंला!" मांडीवर. "मांडीला!" गुडघ्याला समदं स्टँड वरडाया लागलं, पेरूवाल्या बायका, हमाल, कालिजची पोरं, "गुडघ्याला! पोटरीला! घोट्याला!" आबांनी एक पाय उचलला आन् तसंच थांबलं. ढोल थांबला. एका पायावर, त्या वयात, माझी पोरगी मानंवर. मी झेलाया दोन्ही हात फुडं केलं. मंग आबांनी पाय खाली टेकवला.

आबा खाली वाकलं आन् राणीला जमिनीवर उभं केलं. ती डगमगली आन् उभी राहिली.

देवांना घरी पोचवायचं राहिलं व्हतं. आबांनी एकेका दिशंला तोंड केलं आन् हात जोडलं. ज्या दिशंला हात गेलं त्या दिशंच्या गावची माणसं आपआपल्या देवाचं नाव घेऊन वरडली. पळसदेवच्यांनी त्यांचा धाडला, वरकुट्याचा मी आन् आक्कांनी. आक्का जोरात म्हणाल्या, मी बारीक, पण म्हणले.

पुण्याची गाडी लागली. शब्बीरभाईंनी पिशवी वर दिली, आक्का आत चढल्या, आबा खिडकीला बसलं. अंग घामानं भिजलेलं, फेटा तिरका. गाडी हालली तसा त्यो जिपवाला खालनं वरडला, "आबा, आवं पण देवाला कुठं सोडलं शेवटी?"

आबांनी खिडकीतनं हात बाहेर काढला आन् बोट केलं. समद्यांनी वळून बघितलं. राणी धुळीत फतकल मारून बसली व्हती, कुणीतरी दिलेलं शेंगदाणं एकेक करून तोंडात टाकत. गाडी वळली तरी त्यो हात तसाच बाहेर व्हता.